शाखाधिकारी साहेब, ती एन्ट्री तुमचीच आहे, दुरुस्तही तुम्हीच करा

प्रति,
आमच्या तालुक्यातल्या आणि एकूणच महाराष्ट्रातल्या बँकांचे, नागरी सहकारी बँकांचे, फायनान्स कंपन्यांचे शाखाधिकारी, लोनचं टेबल सांभाळणारे आणि वसुली बघणारे साहेब-मॅडम यांना

सप्रेम नमस्कार.

मी सोलापूर जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी करसल्लागार म्हणून बसतो. जुलैपर्यंत रिटर्न, मग जीएसटी, आणि वर्षभर लोनच्या फायली. प्रोजेक्ट रिपोर्ट, तीन वर्षांचे आयटीआर, बॅलन्सशीट, कोटेशन असं सगळं लावून फाईल तुमच्याकडे पाठवायची आणि वाट बघत बसायचं, हा धंदा. तुमच्यातले बरेच जण मला ओळखतात, काहींबरोबर चहा पण होतो, त्यामुळे हे कुणा एकावर नाही आणि नाव कुणाचंच घेणार नाही. पण गेली काही वर्षं फाईल परत येते ती उत्पन्न कमी म्हणून नाही, तारण नाही म्हणून पण नाही, तर पार्टी येते आणि सांगते, साहेब म्हणाले सिबिल खराब आहे, सुधारून या.

सुधारून या म्हणजे कुठं जायचं हो? तुम्ही स्क्रीन अर्धवट फिरवता, एक आकडा दाखवता, सहाशे बारा का काय ते, आणि म्हणता आमच्या हातात काही नाही, सिबिलवाल्यांशी बोला. त्या माणसाला वाटतं सिबिल म्हणजे कलेक्टर कचेरीसारखं कुठलं तरी सरकारी हाफिस आहे, तिथं कुणी साहेब बसलाय आणि तो आपल्याला नापास करतोय. ती कुणी कर्ज कसं फेडलं याच्या नोंदी ठेवणारी एक कंपनी आहे, मुंबईत आहे, आणि तशा एकूण चार कंपन्या आहेत, ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क, हे त्याला कुणी सांगत नाही. आणि मुख्य गोष्ट तर नाहीच सांगत, की या चौघी स्वतःच्या मनानं एक ओळ पण लिहीत नाहीत. तुमच्या शाखेतून, तुमच्या हेड ऑफिसमधून जो डेटा जातो तोच तिथं दिसतो. सातबाऱ्यावर चुकीचा फेरफार चढला तर छापून देणाऱ्या सेतूवाल्याशी भांडून उपयोग नसतो, ज्यानं नोंद घातली त्याच्याकडंच जावं लागतं, तसंच हे. २००५ चा क्रेडिट इन्फर्मेशन कंपन्यांचा जो कायदा आहे त्यातही तेच म्हटलंय, दुरुस्ती मागितली तर ३० दिवसांत पावलं उचला, आणि कर्ज देणाऱ्या संस्थेनं चूक मान्य केल्याशिवाय त्या कंपनीला परस्पर बदल करता येत नाही. म्हणजे चावी कुणाकडे? तुमच्याकडे. आणि तुम्ही सांगताय सिबिलवाल्यांशी बोला.

आता तुम्ही म्हणाल, लोक हप्ते बुडवतात आणि नंतर चूक चूक ओरडतात. असे पण येतात माझ्याकडे, नाही म्हणत नाही. तीन क्रेडिट कार्डं फिरवून बसलेला, दोन ॲपवरून उचललेला, हप्ते सलग बाउन्स. त्याला मी तोंडावर सांगतो, बाबा यात दुरुस्ती काही नाही, जे आहे ते खरं आहे, आधी थकबाकी भर, कार्डाची लिमिट काठोकाठ वापरू नको, पाच ठिकाणी एकदम अर्ज टाकू नको, आणि वर्षभर हप्ते वेळेवर जाऊ दे, मग बघू. खरी नोंद पुसायचा कुठलाच मार्ग नाही आणि तो मी तुमच्याकडे मागत पण नाही. मी बोलतोय त्या नोंदींबद्दल ज्या खोट्या आहेत, जुन्या आहेत, दुसऱ्याच माणसाच्या आहेत, किंवा ज्याचे पैसे भरून तुमच्याच शाखेची एनओसी, म्हणजे कर्ज फिटल्याचं पत्र, त्या माणसाच्या ट्रंकेत पडलीय आणि तुमच्या कॉम्प्युटरात अजून खातं उघडं आहे.

नावांचंच घ्या. आपल्याकडं एका गावात एका आडनावाची निम्मी वस्ती, नावं तीच ती, आजोबांचं नाव नातवाला, चुलतभावांच्या बापाचं नाव पण सारखं निघतं. वर जन्मतारीख. ग्रामीण भागातल्या आमच्या पिढीत निम्म्या लोकांचा वाढदिवस १ जूनला असतो हे तुम्हाला पण माहीत आहे, कारण शाळेत घालताना गुरुजींनी जी तारीख टाकली तीच आयुष्यभर. नाव सारखं, गाव सारखं, पिनकोड सारखा, तारीख १ जून, आणि जुन्या खात्याला पॅन जोडलेला नाही, की झालं, एकाचं ट्रॅक्टरचं थकलेलं कर्ज दुसऱ्याच्या रिपोर्टात जाऊन बसतं. माझ्याकडे असाच एक जण आलेला, आयुष्यात ट्रॅक्टर घेतला नाही, जमीन दीड एकर, पेपरमिलमध्ये कामाला, आणि रिपोर्टात ट्रॅक्टर लोन. त्याला शाखेत सांगितलं, तुमचं नाही हे सिद्ध करा. न घेतलेलं कर्ज न घेतल्याचा पुरावा माणूस आणणार कुठून? अर्जावरची सही, फोटो, गहाणखत सगळं तुमच्या स्टोअररूममध्ये. ती फाईल काढून फोटो बघितला असता तर पाच मिनिटांचं काम होतं. बायकांचं तर अजून अवघड, माहेरचं नाव एका खात्यावर, सासरचं दुसऱ्यावर, पॅनवर तिसरंच स्पेलिंग.

दुसरा प्रकार सगळ्यात जास्त येतो, आणि याच्यावर मला जरा जास्त बोलायचंय. कर्ज फिटलेलं असतं, पण खातं बंद केलेलं नसतं. टू-व्हीलर, मोबाईल, फ्रीज, असली छोटी छोटी लोन. शेवटचा हप्ता गेला, माणूस मोकळा झाला, त्याच्या मते विषय संपला. पण मधे एकदा हप्ता बाउन्स झालेला, त्याचा चार्ज अधिक जीएसटी, असे पाचशे-सहाशे रुपये खात्यावर राहिले. त्याला कुणी फोन केला नाही, कारण एवढ्याशा पैशासाठी वसुलीवाला कोण पाठवणार. पण सिस्टीम काही विसरत नाही. डीपीडी म्हणून जो रकाना असतो, म्हणजे हप्ता किती दिवस थकलाय तो आकडा, तो महिन्यामागून महिने ३०, ६०, ९० असा चढत जातो, आणि रिपोर्टात मागच्या ३६ महिन्यांची ती पट्टी छापून येते. जिथं सगळीकडे शून्य शून्य शून्य पाहिजे तिथं आकडे. रक्कम बघितली तर पाचशे नव्वद, पण स्कोअर काढणारं सॉफ्टवेअर बघतं ते थकल्याचे दिवस.

आणि हे कळतं कधी? तर फ्लॅट बुक केल्यावर. आमच्या इथला एक पोरगा, पुण्यात नोकरी, हडपसरच्या पुढं वन बीएचके बघितला. बिल्डरला दहा टक्के दिले, कारण त्याच्यापेक्षा जास्त घ्यायचे तर रेराप्रमाणे आधी ॲग्रीमेंट रजिस्टर करावं लागतं, मग ॲग्रीमेंट केलं, स्टॅम्प ड्युटी भरली, रजिस्ट्रेशनचे भरले, हे सगळं बापानं दागिने मोडून आणि भावकीकडून उचलून. आणि मग बँकेत फाईल गेली तर सिबिल. कशाचं, तर कॉलेजात असताना घेतलेल्या मोबाईलच्या लोनचं, सहाशेच्या आतली रक्कम. त्यानं त्याच संध्याकाळी ती ऑनलाईन भरून टाकली. पण भरून काय होतं, ओव्हरड्यू शून्य झालं तरी खातं क्लोज्ड दिसायला डेटा पुढं जावा लागतो, आणि मागची डीपीडीची पट्टी तशीच राहते, ती चुकीची असेल तर फायनान्स कंपनीनंच मान्य करून बदलायला पाहिजे. त्या कंपनीची आमच्याकडची शाखा तोवर बंद झालेली, पुण्याच्या शाखेत गेला तर म्हणाले कस्टमर केअरला मेल करा, कस्टमर केअरनं तिकीट नंबर दिला आणि दोन दिवसांनी तिकीट आपोआप बंद. बिल्डरचं व्याज सुरू. शेवटी दुसऱ्या एका हाउसिंग फायनान्स कंपनीनं लोन दिलं, पण दर अर्धा टक्का जास्त. अर्धा टक्का ऐकायला काहीच नाही, पण ३० लाखाच्या वीस वर्षांच्या कर्जाला साडेआठच्या जागी नऊ टक्के लागले की हप्ता साडेनऊशेनं वाढतो आणि शेवटपर्यंत सव्वादोन लाखाच्या वर जादा जातात. सहाशे रुपयाच्या चार्जपायी. हा हिशोब तुम्ही लोकांना करून दाखवा कधीतरी, ते काउंटरवर जरा शांतपणे ऐकतील.

शेतकऱ्यांचं वेगळंच. २०१७ ची छत्रपती शिवाजी महाराज सन्मान योजना झाली, दीड लाखापर्यंत माफ, वरच्यांनी फरकाची रक्कम भरली की उरलेलं शासन भरणार. मग २०१९ ला महात्मा फुले कर्जमुक्ती, दोन लाखापर्यंत. पैसे शासनानं बँकेला दिले, शेतकऱ्याला यादीत नाव आल्याचं कळलं, अंगठा उमटवून आधार प्रमाणीकरण झालं. मग ते खातं रिपोर्टात कसं दिसतंय हे किती शाखांनी तपासलं? माझ्यासमोर जे रिपोर्ट येतात त्यात काहींचं क्लोज्ड आहे, काहींचं सेटल्ड, म्हणजे तडजोडीत मिटवलेलं, काहींचं चक्क रिटन ऑफ, म्हणजे बुडीत धरलेलं. एकाच योजनेत एकाच गावातली माणसं. २०२५ च्या खरिपाआधी राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत मुख्यमंत्री बोलले की पीककर्जाला सिबिल मागू नका, चांगलं झालं, पण बाकीच्या कर्जाचं काय? तोच शेतकरी ठिबकला, गाईंच्या गोठ्याला, डाळिंबाच्या कोल्ड स्टोरेजला मागतो तेव्हा सिबिल लागतंच, आणि पोरीच्या एज्युकेशन लोनला बाप सहकर्जदार असतो तेव्हा पोरीचा रिपोर्ट कोरा असला तरी बापाचा बघितला जातो. माफीच्या यादीत नाव आलेला माणूस पाच-सात वर्षांनी पोरीच्या इंजिनीअरिंगला अडकतो, आणि त्याला खरंच कळत नाही की त्यानं चूक काय केली.

जामीनदारांवर एक स्वतंत्र पत्र होईल. थोडक्यात एवढंच, की मित्रासाठी, मेहुण्यासाठी, सोसायटीतल्या सहकाऱ्यासाठी सही करणारा माणूस ते विसरून जातो, पण ते कर्ज त्याच्या रिपोर्टात जामीनदार म्हणून दिसत राहतं. सही घेताना हे त्याला सांगा. एक वाक्य आहे.

वसुलीवाल्या साहेबांनो, आता तुमच्याकडे येतो. मार्च आला की तुमचे फोन सुरू होतात, लाखाचे चाळीस हजार भरा, मिटवून टाकू, उद्या ऑफर संपणार. माणूस कुठून तरी चाळीस हजार आणतो, तुम्ही त्याला पत्र देता, तो ते लॅमिनेट करून ठेवतो. आणि दोन वर्षांनी माझ्यासमोर बसल्यावर मी त्याला सांगतो की तुझं खातं सेटल्ड म्हणून लागलंय, म्हणजे बँकेनं उरलेल्या साठ हजारावर पाणी सोडलं हे जगाला दिसतंय, आणि हे बघून पुढची बँक हात आखडता घेते. तो माझ्याच अंगावर येतो, अहो पत्र आहे ना माझ्याकडे बँकेचं! सेटलमेंट करू नका असं माझं म्हणणं नाही, काहींना दुसरा मार्गच नसतो. पण पैसे घ्यायच्या आधी त्याला मराठीत लिहून द्या, की याची नोंद अशी अशी होणार, पुढच्या कर्जाला अडचण येऊ शकते, आणि नंतर कधी उरलेली रक्कम भरलीस तर आम्ही खातं क्लोज्ड करून देऊ. हे शेवटचं तर कुणीच सांगत नाही. माझ्या ओळखीतल्या काहींनी नंतर फरक भरायची तयारी दाखवली, तर शाखेत उत्तर मिळालं की ते खातं आता आमच्याकडं नाही, एआरसीला, म्हणजे थकलेली कर्जं विकत घेणाऱ्या कंपनीला, विकलंय. कुठल्या एआरसीला? हेड ऑफिसला विचारा. कर्ज विकलं तर घेणाऱ्या कंपनीचं नाव-पत्ता त्या माणसाच्या हातात द्यायला काय जातं?

हे सगळं चालतं त्याचं मूळ मला विचाराल तर एका साध्या गोष्टीत आहे, पोच. रिझर्व्ह बँकेनं २६ ऑक्टोबर २०२३ ला एक परिपत्रक काढलं, ते २६ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. दुरुस्तीची तक्रार ३० दिवसांत मिटली नाही तर त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला तक्रारदाराला १०० रुपये द्यायचे. त्यात पण कुणाला किती दिवस तेही ठरवून दिलंय, बँकेनं किंवा फायनान्स कंपनीनं २१ दिवसांत उत्तर द्यायचं, तुम्ही उशीर केला तर तुम्ही भरायचे, तुम्ही वेळेत दिलं आणि तरी सिबिलसारख्या क्रेडिट कंपनीनं लांबवलं तर तिनं भरायचे. पैसे तक्रार मिटल्यापासून पाच कामाच्या दिवसांत खात्यावर. किती छान नियम आहे. पण मला हे १०० रुपये मिळालेला माणूस अजून भेटायचाय. कारण दिवस मोजायला सुरुवात कुठून करायची? तक्रार दिली त्या तारखेपासून. आणि ती तारीख सिद्ध करायला शाखेचा इनवर्डचा शिक्का लागतो, आणि तो तुम्ही मारत नाही. अर्ज घेता, म्हणजे घेतला तर, ठेवा इथं म्हणता, झेरॉक्सवर सही मागितली की साहेब मीटिंगला गेलेत, शिक्का कपाटात आहे, हेड ऑफिसला मेल करा. मी आधी समजायचो की हा आळस आहे. आता मला वाटतं काही ठिकाणी हे समजून उमजून आहे, पोच दिली की घड्याळ सुरू होतं.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांना मी आता पद्धतच लावून दिलीय, आणि तुम्हाला ती आधीच सांगून ठेवतो म्हणजे उगाच गैरसमज नको. लोनचा अर्ज टाकायच्या चारेक महिने आधी, आणि फ्लॅट-प्लॉटचा इसार द्यायच्या तर नक्कीच आधी, चारही कंपन्यांचा रिपोर्ट काढायचा. २०१७ पासून प्रत्येक कंपनीकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, आपण आपला बघितल्यानं स्कोअर कमी होत नाही, हे अजून लोकांना माहीत नाही आणि भीतीपोटी बघतच नाहीत. चारही का, तर एकीकडे खातं बंद दिसतं आणि दुसरीकडे चालू, आणि तुमची बँक नेमका दुसरीचा रिपोर्ट ओढते. मग स्कोअर बाजूला ठेवायचा, आकड्यावर वाद घालून काही होत नाही, स्कोअर कसा काढला याबद्दलच्या तक्रारीला तो १०० रुपयेवाला नियम पण लागू नाही. ओळी बघायच्या. न ओळखीचं खातं, चुकीची थकबाकी, बंद झालेलं पण उघडं खातं, चुकीचा पॅन, आपण न केलेल्या कर्जाच्या अर्जाची चौकशी. प्रत्येक ओळीपुढे कागद, एनओसी, खातेउतारा, शेवटची पावती. मग क्रेडिट कंपनीच्या साईटवर डिस्प्यूट, म्हणजे दुरुस्तीची तक्रार, टाकायचा, फुकट असतो, आणि त्याच दिवशी तुमच्या शाखेत लेखी अर्ज. शाखेनं पोच दिली नाही तर तिथूनच पोस्टात जाऊन पोचपावती मिळेल असं स्पीड पोस्ट, आणि तुमच्या नोडल अधिकाऱ्याला, म्हणजे तक्रारी बघणाऱ्या साहेबांना, मेल. ३० दिवस झाले की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर, ज्याला ऑनलाईन जमत नाही त्याचं पत्र चंदीगडच्या केंद्राला, माहिती पाहिजे तर १४४४८ ला फोन. क्रेडिट कंपन्या पण सप्टेंबर २०२२ पासून लोकपालाच्या कक्षेत आल्यात, त्यामुळे दोघांवर एकदम टाकता येते. मला तुमच्याविरुद्ध तक्रारी करायची हौस नाही हो, माझ्या बाकीच्या फायली तुमच्याकडंच असतात, उद्या तुम्ही माझ्या पार्टीला पाणी पण विचारणार नाही. पण पोच मिळत असेल तर यातलं निम्मं करायची वेळच येणार नाही.

रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकांमध्ये अजून दोन गोष्टी आहेत ज्या तुमच्या शाखेत फक्त फायलीला लागल्यात. एक, थकबाकीची नोंद पाठवताना ग्राहकाला एसएमएस किंवा मेल गेला पाहिजे. जातो, पण २०१४ साली खातं काढताना दिलेल्या नंबरवर, जो नंबर आता तिसऱ्याच माणसाकडे आहे. माणूस पासबुक भरायला आला की नंबर तेवढा विचारून घ्या. दोन, दुरुस्ती नाकारली तर का नाकारली ते ग्राहकाला कळवायचं. आम्हाला येतं काय, तर डेटा बरोबर असल्याची खातरजमा केली, इतकंच. कशाच्या आधारे केली? कोणता कागद बघितला? त्या ट्रॅक्टरवाल्याचा फोटो बघितला का?

आणि एक विनंती, जरा कडू आहे. तुमच्या शाखेच्या बाहेर, झेरॉक्सच्या दुकानात, आणि काही ठिकाणी तर आतल्या टेबलावरच, सिबिल क्लिअर करून देणाऱ्यांची कार्डं असतात. पंधरा दिवसांत ७५०, फी दहा हजार, अर्धे आधी. हे लोक करतात काय? जो डिस्प्यूट फुकट टाकता येतो तोच टाकतात, खऱ्या नोंदींवर पण खोटा टाकतात, पॅन-आधार-ओटीपी सगळं घेऊन बसतात, आणि एकाला तर माझं कर्ज मी घेतलंच नाही अशी पोलिसात तक्रार द्यायला सांगितलेलं, जे कर्ज त्यानं स्वतः घेतलेलं. तो अडकला असता ना आयुष्यभराचा. तुम्हाला पूर्ण माहीत आहे की तुम्ही मान्य केल्याशिवाय एक अक्षर बदलत नाही, मग तुमच्या स्टाफमधला कुणी ते कार्ड पुढं करतो तेव्हा तो गिऱ्हाईकाला नक्की काय विकत असतो?

किमान स्कोअरबद्दल पण एकदा खरं बोलूया. रिझर्व्ह बँकेनं सातशे पाहिजे, साडेसातशे पाहिजे असं काही ठरवून दिलेलं नाही, ती तुमची तुमची पॉलिसी आहे. आणि ज्याचा रिपोर्टच नाही, पहिल्यांदाच कर्ज मागतोय, त्याला केवळ तेवढ्यासाठी नाकारू नका हे पण २०२५ मध्ये सरकारनं लोकसभेत सांगितलंय. तरी पोरांना स्कोअर उणे एक, म्हणजे कर्जाचा इतिहासच नाही असा, आलाय म्हणून परत पाठवणं चालूच आहे. आमची पॉलिसी नाही असं सरळ सांगा, वरून ऑर्डर आहे असं सांगू नका, म्हणजे तो निदान शेजारच्या बँकेत तरी जाईल.

तर माझं मागणं फार नाही. शाखेत आठवड्यातून एक दिवस, कुठलाही, दोन तास, एक माणूस फक्त रिपोर्ट दुरुस्तीसाठी बसवा. अर्ज घ्यायचा, तारखेचा शिक्का मारायचा, जुनी फाईल काढून सही-फोटो जुळवायचा, आणि वर पाठवायचा. आता तर १ जानेवारी २०२५ पासून डेटा महिन्याला नाही, निदान दर पंधरा दिवसाला जातो, त्यामुळे शाखेनं आज मान्य केलं तर महिन्याच्या आत तो रिपोर्टात दिसायला काही हरकत नाही. लोन बंद होताना, मोठं असो की मोबाईलचं, एनओसीबरोबर खातं शून्य झाल्याचा उतारा द्या आणि उरलेले चार्ज तिथंच मागून घ्या, सहाशे रुपये माणूस हसत भरतो. कर्जमाफीच्या खात्यांची एकदा यादी काढून सगळी एकसारखी लावून घ्या, हे जिल्हा मध्यवर्तीवाल्यांना आणि राष्ट्रीयीकृतवाल्यांना दोघांनाही सांगतोय, राज्याची बँकर्स समिती महाराष्ट्र बँकेकडं आहे, तिथून एक पत्र निघालं तरी तालुक्या तालुक्यातलं काम होईल.

रिटर्नची गडबड संपली की माझ्याकडं दिवाळीच्या आधीच्या लोनच्या फायली सुरू होतील. त्यातल्या ज्यांच्या रिपोर्टात तुमच्या शाखेच्या चुका आहेत त्यांना मी अर्ज लिहून, दोन प्रती घेऊन तुमच्याकडे पाठवणार आहे. एक तुमची, एक त्यांची. त्यांच्या प्रतीवर शिक्का, सही आणि तारीख टाकून द्या.

आपला,
एक करसल्लागार, जिल्हा सोलापूर

ता.क. : शाखेत भिंतीवर नोडल अधिकाऱ्याच्या नावाचा बोर्ड असतो तो पण एकदा बघून घ्या. आमच्या इथल्या एका शाखेतल्या बोर्डावरचे साहेब रिटायर होऊन गावी शेती करतात, त्यांचाच नंबर आहे, आणि ते बिचारे अजून लोकांचे फोन घेऊन नीट उत्तरं देतात.